टपावर चढण्याआधी : मोटरहोमच्या टपाविषयी वाचकांचे प्रश्न

मोटरहोमचा, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचा, टप कसा धुवावा, कशाने धुवावा आणि धुताना पडू नये म्हणून काय करावं, याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बरीच पत्रं अमेरिका आणि कॅनडातून आली आहेत, एक इंग्लंडहून आणि एक पुण्याहून. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी ३१ फुटी क्लास सी (व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं) मोटरहोम सेकंडहँड घेतलं. टप काळवंडलाय आणि कडेला हिरवट थर बसलाय. गाडीला मागे शिडी आहे. मिस्टर ६२ वर्षांचे आहेत, पण स्वतःच वर चढून घासेन म्हणतात. मला धाकधूक वाटते. नीट, सगळं क्रमाने सांगाल का?
– वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमची धाकधूक रास्त आहे. क्लास सी गाडीचा टप जमिनीपासून साधारण १० ते ११ फुटांवर असतो. त्याला कठडा नसतो, आणि साबणाचं पाणी पडलं की त्यावर पाय ठरत नाही. घासताना लक्ष ब्रशकडे असतं आणि माणूस मागे मागे सरकत असतो, त्यामुळे कड कधी आली ते कळत नाही. मिस्टरांना आधी हे सांगा की हे काम बहुतेक सगळं टपावर पाय न ठेवता होतं.

अमेरिकेत गाडीची रुंदी सहसा साडेआठ फुटांपेक्षा जास्त नसते. म्हणजे टपाची मधली रेघ कुठल्याही कडेपासून सव्वाचार फुटांवर येते. ६ ते ८ फुटांपर्यंत लांब होणाऱ्या दांड्याचा मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी काम केलं, तर पूर्ण टप आवाक्यात येतो. फक्त हे शिडीवर उभं राहून करू नका. लांब दांडा ढकलताना शरीर बाजूला झुकतं आणि शिडी सरकते. अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानात चाकांचा छोटा स्कॅफोल्ड (परांची) मिळतो, तो एका दिवसासाठी आणा. त्याची फळी ६ फुटांवर लावली की छाती जवळपास टपाच्या पातळीला येते आणि सगळं समोर दिसतं. फळीभोवतीचा कठडा नक्की लावून घ्या, चारही चाकांचे ब्रेक दाबा. माणूस वर असताना स्कॅफोल्ड ढकलायचा नाही, दोन फूटसुद्धा नाही.

आता तयारी. गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. वर आणि आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत ना, ते आधी पाहा. तारांपासून किमान १० फूट अंतर हवं, आणि ते अंतर ब्रशचा दांडा पूर्ण उभा धरला तरी सुटलं पाहिजे. हँडब्रेक लावा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे ठेवा. लेव्हलिंग जॅक (गाडी समतल ठेवणारे पाय) असतील तर खाली टेकवा, म्हणजे गाडी स्प्रिंगवर डुलणार नाही. बाहेरच्या विजेची केबल काढा, जनरेटर आणि एसी बंद करा. सगळे व्हेंट आणि स्कायलाइट आतून घट्ट लावून घ्या. स्लाइडआउट (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर तो आधी बाहेर काढून त्याच्या छतावरची पानं आणि काड्या झाडून टाका, नाहीतर आत घेताना कचरा रबरी सीलमध्ये अडकून सील फाटतं. मग स्लाइड आत घ्या आणि धुवायला लागा. स्लाइडच्या छतावर कधीही उभं राहू नका.

साहित्य थोडकं आहे : मध्यम मऊ केसांचा ब्रश, दोन बादल्या, बागेचा पाइप, साधा भांड्यांचा द्रव साबण, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी. ८ लिटर पाण्याला दोन मोठे चमचे साबण पुरतो. जास्त घातला तर फेस निघता निघत नाही, आणि उरलेल्या पातळ थरावर धूळ पुन्हा लवकर चिकटते.

क्रम असा ठेवा. आधी कोरडं झाडून पानं, काड्या, माती काढा. ती ओली झाली की गटरात जाऊन बसते. मग गाडीच्या भिंती वरपासून खालपर्यंत पाण्याने भिजवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोरड्या भिंतीवर टपाचं मळकं पाणी ओघळून वाळलं, तर त्याचे पट्टे निघायला टपापेक्षा जास्त मेहनत लागते. दुसऱ्या माणसाने खाली उभं राहून भिंती शेवटपर्यंत ओल्या ठेवायच्या. टप मात्र एकदम सगळा भिजवू नका. ३ बाय ३ फुटांचा तुकडा घ्या, साबणाचं पाणी लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, गोल गोल हलक्या हाताने घासा आणि वाळायच्या आत धुवा. ३१ फुटी गाडीवर असे साधारण २८ तुकडे होतात. एका सकाळी दोघांचं काम आहे.

व्हेंटच्या आणि एसीच्या कडांना लावलेल्या सीलंटवर (फटी बुजवणाऱ्या रबरासारख्या थरावर) ब्रश जोरात चालवू नका, तिथे फडक्यानेच पुसा. पाइपची धार नेहमी वरून खाली पडू द्या. फ्रिजच्या टपावरच्या झाकणात, एसीच्या कव्हरखाली आणि टाकीच्या हवेच्या नळीत पाणी मारू नका. ही झाकणं वरून पडणारा पाऊस अडवतात, आडवी धार अडवत नाहीत.

इतकं करूनही वर जावंच लागलं, उदाहरणार्थ मधल्या व्हेंटचं सीलंट जवळून पाहायचं असेल, तर तीन गोष्टी तपासल्याशिवाय जाऊ नका. पहिली, गाडीच्या पुस्तिकेत टपावर चालता येतं असं लिहिलंय का. ज्या गाडीला कारखान्यातून शिडी आलेली नाही, तिचा टप चालण्यासाठी नाही असंच धरून चाला. दुसरी, मागच्या शिडीवरचा स्टिकर. बऱ्याच शिड्यांची मर्यादा २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो असते, आणि त्यात हातातलं सामानही मोजायचं. शिडी धरून हलवून पाहा. तिचे स्क्रू भिंतीत सैल झाले असतील, तर ती वापरू नका आणि त्या भोकांतून पाणी आत जातंय का तेही बघा. तिसरी, टप कुठे मऊ लागतोय का. स्कॅफोल्डवरून तळहाताने कडेकडेने दाबून पाहा. दबला, तर आतलं प्लायवूड कुजलंय आणि तिथे पाय ठेवणं म्हणजे घरात पडणं.

वेगळी शिडी लावणार असाल तर फायबरग्लासची घ्या. चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने तिचा पाया भिंतीपासून बाहेर ठेवा. म्हणजे ११ फुटांच्या टपाला पावणेतीन फूट. वरचं टोक टपाच्या कडेपेक्षा ३ फूट वर निघालं पाहिजे, कारण टपावर पाऊल टाकताना धरायला तेवढंच असतं. टोक बांधून घ्या आणि चढ-उतार होईपर्यंत खालच्या माणसाने शिडी धरावी. बादली हातात घेऊन चढू नका, दोरीने वर ओढा. वर गेल्यावर उभं राहायचं नाही. अर्धा इंच जाडीचा २ बाय ४ फुटांचा प्लायवूडचा तुकडा, त्याखाली फोम, असं टाकून गुडघ्यावर बसा. वजन पसरतं आणि माणूस कडेपासून आपोआप लांब राहतो. कडेपासून तीन फूट आत राहा, आणि शिडीपासून लांबच्या टोकाला सुरुवात करून शिडीकडे सरकत या, म्हणजे ओल्या भागावरून परत यावं लागत नाही. टप कोरडा असतानाच वर जा. दव, वारा किंवा झाडाखालची ओली पानं असतील तर त्या दिवशी काम ठेवा बाजूला.

धुण्याआधी एक चौकशी करा. पुष्कळ कॅम्पग्राउंडमध्ये गाडी धुवायला परवानगी नसते, आणि घराच्या ड्राइव्हवेवरचं साबणाचं पाणी रस्त्यावरच्या पावसाळी गटारात सोडायला अनेक शहरांत मनाई असते. पाणी हिरवळीत किंवा खडीवर मुरेल अशी जागा निवडा.

प्रश्न : पाऊस पडला की आमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना पांढरे ओघळ येतात. टपावर बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागते. टप खराब झालाय का? बदलावा लागेल?
– वाचक, ह्यूस्टन

उत्तर : नाही. हा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा टप आहे आणि हा त्याचा स्वभावच आहे. हे रबर खालून काळं असतं, वर पांढरा थर असतो, आणि ऊन लागून तो थर फार हळूहळू पुडीच्या रूपात सुटत जातो. वर्षातून दोन-तीनदा साबणाने धुतलं की ओघळ कमी होतात. गटराच्या टोकांना पुढे आलेल्या छोट्या प्लास्टिकच्या चोची बसवल्या तर पाणी भिंतीला न चिकटता लांब पडतं. हा स्वस्त आणि फार उपयोगी उपाय आहे.

काळजी कधी करायची? पांढऱ्या थरातून खालचा काळा रंग दिसायला लागला तर. तो पट्टा उन्हात जास्त तापतो आणि लवकर थकतो. तेव्हा ईपीडीएमसाठीचं प्रायमर आणि कोटिंग मिळतं ते लावून घ्या, पूर्ण टप बदलायची गरज सहसा पडत नाही.

टप ईपीडीएमचा की टीपीओचा (रबरासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कातडीचा) हे ओळखायचं असेल, तर आतून छतावरच्या व्हेंटची चौकट स्क्रू काढून उतरवा. तिथे टपाच्या कातडीची कापलेली कड दिसते. मागची बाजू काळी असेल तर ईपीडीएम, फिकट असेल तर बहुधा टीपीओ. टीपीओ किंचित चकचकीत असतो आणि त्याची पूड जवळजवळ निघत नाही. फायबरग्लास बोटाने ठोकल्यावर कडक वाजतो.

प्रश्न : गाडी रेडवूड आणि पाइनच्या झाडांखाली उभी असते. टपावर डिंकाचे काळे ठिपके पडलेत आणि सावलीच्या बाजूला बुरशी आहे. गराजमध्ये पेट्रोल, टर्पेंटाइन, संत्र्याच्या तेलाचं क्लीनर आणि ब्लीच आहे. यातलं काय चालेल?
– वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : पहिली तिन्ही टपाजवळ नेऊ नका. ईपीडीएम पाणी, ऊन आणि ओझोन उत्तम सोसतो, पण तेलकट द्रावण शोषून घेतो आणि फुगतो. फुगलेला भाग खालच्या प्लायवूडपासून सुटतो, फोड येतो आणि तो पुन्हा बसत नाही. 'सिट्रस' म्हणून विकलं जाणारं संत्र्याच्या सालीचं क्लीनर नैसर्गिक वाटतं, पण त्यातलं तेल रबराला पेट्रोलसारखंच लागतं. बाटलीवर 'पेट्रोलियम डिस्टिलेट' लिहिलेली चमक आणणारी द्रव्यंही याच कारणाने नकोत.

डिंकाला बर्फ लावा. पिशवीत बर्फाचे खडे घालून ठिपक्यावर पाच मिनिटं धरले की तो कडक होतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने उचलून काढा. धातूची पट्टी नको. राहिलेला डाग गेला नाही तर मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण, हेही तेलकटच, म्हणून अगदी थोडं) फडक्याच्या टोकाला नुसतं ओलं करून तेवढ्याच ठिपक्यावर पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. टपावर ओतायचं नाही आणि सीलंटला लागू द्यायचं नाही.

बुरशीसाठी आधी साबण आणि चांगला मुरवलेला वेळ. नाही गेली तर ४ लिटर पाण्यात १ कप घरगुती ब्लीच, फक्त त्या भागावर, पाच-दहा मिनिटं, आणि मग भरपूर पाणी. मात्र आपल्या टपाच्या पुस्तिकेत ब्लीचला मनाई नाही हे पाहूनच. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खालची झाडं आधी आणि नंतर पाण्याने भिजवा.

आणि गाडी झाडांखालून हलवता येत असेल तर हलवा. सगळ्यात मोठा फरक त्याने पडेल. फांदी वाऱ्याने टपावर घासत राहिली तर एका हिवाळ्यात रबर भोक पडेपर्यंत झिजतं.

प्रश्न : घरी चांगला प्रेशर वॉशर आहे. अर्ध्या तासात टप चकाचक होईल. सगळे नको का म्हणतात? हिवाळ्यात टपावरचा बर्फ काढायलाही काही युक्ती सांगा.
– वाचक, ब्रॅम्प्टन, ओंटारिओ

उत्तर : दोन कारणं आहेत. टपाची कातडी साधारण १ मिलिमीटर जाड असते आणि पाणी अडवण्याचं खरं काम सांध्यांवरचं सीलंट करतं. सीलंटच्या कडा पातळ होत गेलेल्या असतात. २,००० पीएसआय दाबाची धार तिरकी लागली की कड उचलली जाते, खाली पाणी शिरतं आणि धार सरकली की कड पुन्हा बसल्यासारखी दिसते. वरून काहीच कळत नाही. पुढच्या प्रत्येक पावसात तिथून थोडं थोडं पाणी प्लायवूडमध्ये जात राहतं. आत डाग दिसतो तो बऱ्याचदा त्या जागेपासून कितीतरी फूट लांब, कारण पाणी फ्रेमवरून घरंगळत जातं.

दुसरं कारण तुमच्या जिवाशी संबंधित आहे. बंदुकीचा घोडा दाबला की ती मागे धक्का देते. जमिनीवर तो जाणवत नाही, पण शिडीवर किंवा ओल्या टपावर तेवढा धक्का तोल जायला पुरतो. बागेच्या पाइपाचा दाब टपाला पुरेसा आहे. वेळ वाचवायचाच असेल तर चांगला ब्रश घ्या.

बर्फासाठी खालून चालवायचा फोमच्या पात्याचा लांब रेक वापरा. टपापर्यंत खरवडू नका, शेवटचा एक-दोन इंचांचा थर राहू द्या, नाहीतर व्हेंटची झाकणं तुटतात. थंडीत ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. फावडं घेऊन वर चढणं अजिबात नको. ताडपत्रीही नको, ती वाऱ्याने फडफडून कोपरे घासते. हवा खेळणारं, गाडीच्या मापाचं कव्हर घ्या.

प्रश्न : टप धुतल्यावर दिसलं की व्हेंटभोवतीचं सीलंट तडकलंय, एके ठिकाणी सुटलंय. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन आणून भरलं तर?
– वाचक, फिनिक्स

उत्तर : सिलिकॉन नको, हे आम्ही ठासून सांगतो. ते ईपीडीएम आणि टीपीओला नीट धरत नाही, आणि एकदा लावल्यावर त्या जागेवर दुसरं काहीही चिकटत नाही. पुढच्या दुरुस्तीत त्याचा कण न् कण खरवडावा लागतो.

आडव्या पृष्ठभागाला सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट वापरा. ते ओतल्यावर आपोआप पसरून स्क्रूंची डोकी आणि कड झाकतं. उभ्या किंवा उताराच्या जागेला त्याचाच न ओघळणारा प्रकार मिळतो. उताराला पहिला प्रकार वापरला तर सीलंट वाहून खाली साचतं आणि वर स्क्रू उघडे पडतात, ही नेहमी दिसणारी चूक. आपल्या टपाच्या कातडीला चालतं, असं नळकांड्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. १४ इंची व्हेंटभोवती अर्धं ते एक नळकांडं लागतं.

जुनं सीलंट सगळं उपटू नका. घट्ट बसलेलं ओढलं तर त्याच्यासोबत टपाची कातडी फाटते. प्लास्टिकच्या पट्टीने फक्त सुटलेलं, हलणारं तेवढं काढा. जागा साबणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. फिनिक्सच्या उन्हात दोन तास पुरतील, पण तडीत ओल अडकलेली असू शकते म्हणून एक दिवस थांबणं चांगलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवं सीलंट जुन्याच्या कडेपलीकडे चांगलं अर्धा इंच जाईल असं ओता. तापमान १० अंश सेल्सियसच्या वर हवं. वरची साय लवकर धरते, पण आतपर्यंत घट्ट व्हायला काही आठवडे जातात, तोवर तिथे ब्रश नको.

कातडी फाटली असेल, किंवा पुढच्या आणि मागच्या टोकाचा लांब सांधा उघडला असेल, तर सीलंटने भागत नाही. तिथे टपासाठीची चिकटपट्टी लागते. ती मधोमध दाबून कडेकडे रोलर फिरवत बसवा. एकदा टेकली की परत उचलता येत नाही, म्हणून कागद एकदम न काढता थोडा थोडा सोलत जा.

तुमच्याकडच्या उन्हात व्हेंटची झाकणंही तपासा. अंगठ्याने दाबल्यावर कडकड आवाज आला तर झाकण बदला. पुढच्या गारांच्या पावसात ते जाणारच आहे.

प्रश्न : टप किती दिवसांनी तपासावा?
– वाचक, डॅलस

उत्तर : सीलंट दर तीन महिन्यांनी डोळ्यांनी पाहा, स्कॅफोल्डवरून किंवा काठीला फोन लावून व्हिडिओ काढून. धुणं वर्षातून दोन ते चार वेळा. तीन महिन्यांची पाहणी चुकवू नका, धुणं एखाद वेळी पुढे गेलं तरी चालेल.

प्रश्न : आमच्या मोटरहोमचा टप फायबरग्लासचा आहे. तो निस्तेज झालाय. स्कायलाइटच्या प्लास्टिकवर केसासारख्या बारीक चिरा आल्यात. काच पुसायचा स्प्रे वापरत होतो.
– वाचक, मिल्टन कीन्स, इंग्लंड

उत्तर : चिरा त्या स्प्रेनेच आल्या असाव्यात. तुमच्याकडच्या मोटरहोमचे घुमट सहसा अॅक्रिलिकचे असतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं क्लीनर लागलं की ताण असलेल्या जागी अॅक्रिलिकला जाळीसारख्या चिरा पडतात, आणि त्या भरून येत नाहीत. यापुढे फक्त कोमट पाणी, थेंबभर साबण आणि मऊ फडकं. चिरा कडेपर्यंत किंवा बिजागरीच्या स्क्रूपर्यंत पोचल्या असतील तर लांबच्या प्रवासाआधी घुमट बदला, वाऱ्याच्या वेगाने तो उडून जाऊ शकतो.

निस्तेजपणा हा जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत थराचा. साबणाने धुऊन, कोपऱ्यात छोट्या तुकड्यावर बोटींसाठी मिळणारं सौम्य पॉलिश लावून बघा. उजळलं तर पूर्ण करा आणि मग मेण लावा. पण मेण लावलेला टप भलताच निसरडा असतो. चालायच्या पट्ट्यावर ते लावू नका. इंग्लंडमधल्या बऱ्याच मोटरहोमचा टप मुळात चालण्यासाठी केलेला नसतो, तेव्हा तुमचं सगळं काम स्कॅफोल्डवरूनच व्हावं.

प्रश्न : आम्ही पुण्यात कॅराव्हॅन भाड्याने देतो. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून कोकणातल्या फेऱ्या वाढल्या. पावसाळ्यानंतर टपावर शेवाळ, कावळ्यांची घाण आणि लाल माती असते. मुलं वर चढून डिझेल मारून धुतात. बरोबर आहे का?
– वाचक, पुणे

उत्तर : डिझेल आजच बंद करा. टप फायबरचा असला तरी व्हेंटच्या आणि कॅरिअरच्या कडांचे रबर आणि सीलंट त्याने मऊ पडतात, आणि वर काम करणारा मुलगा तेलकट टपावरून घसरतो. फरशी धुवायचं अॅसिडही नको, त्याने बोल्ट आणि पत्र्याच्या कडा गंजतात. वॉशिंग सेंटरवर गाडी नेत असाल तर टपावर प्रेशर गन मारू नका म्हणून आधी सांगा.

कावळ्यांची घाण सुकी खरवडू नका. ओलं जुनं फडकं त्यावर पंधरा मिनिटं टाकून ठेवा, मग अलगद उचला. तोंडाला मास्क हवा. शेवाळ असताना वर चढायचंच नाही. आधी खालून, दांड्याच्या ब्रशने साबणाचं पाणी लावून ते सोडवा. भांड्यांची हिरवी घासणी वापरलीत तर फायबरवर ओरखडे पडतील आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ त्याच ओरखड्यांत आधी धरेल. किनाऱ्यावरून परतलेली गाडी त्याच आठवड्यात गोड्या पाण्याने धुवा, कॅरिअरच्या आणि ऑनिंगच्या (बाहेर ओढायच्या कापडी छपराच्या) बोल्टांवर मीठ राहता कामा नये.

आपल्याकडे आणखी एक धोका मोठा आहे : गल्लीतल्या आणि डेपोतल्या लोंबत्या तारा. अॅल्युमिनियमचा दांडा किंवा शिडी तारेला लागली तर माणूस जातो. गाडी उघड्या मैदानात नेऊनच धुवा.

प्रश्न : टपावर ३ सोलर पॅनेल आहेत. त्यांच्याभोवती कसं धुवायचं? आणि वर काम करताना कमरेला दोरी बांधली तर जास्त सुरक्षित नाही का?
– वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : पॅनेल सूर्योदयाच्या सुमारास, काच थंड असताना धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरेसं आहे, पॉलिश किंवा मेण लावू नका. उजेड असेपर्यंत पॅनेल वीज तयार करत असतात, त्यामुळे ओल्या हाताने जोडण्या सोडू नका, आणि वायरचं आवरण फाटलेलं दिसलं तर पाणी मारणं थांबवून आधी ते दुरुस्त करून घ्या. वाकणाऱ्या पातळ पॅनेलवर पाय किंवा गुडघा टेकवू नका, आतल्या चकत्या फुटतात आणि ते वरून दिसत नाही. पॅनेलखाली साचलेली पानं पाइपच्या हलक्या धारेने बाहेर काढा, तिथे ओल जास्त काळ राहते.

दोरीबद्दल. पडणाऱ्या माणसाचा धक्का झेलायचा तर आधार फार मजबूत लागतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत एका माणसाच्या आधारासाठी ५,००० पौंडांची ताकद मागितली जाते. मोटरहोमच्या टपावर अशी एकही जागा नसते. एसी, कॅरिअर, मागची शिडी, सगळे लाकडात किंवा पातळ पत्र्यात स्क्रूने बसवलेले असतात आणि माणसासोबत खाली येतील. पलीकडे उभ्या केलेल्या गाडीला दोरी बांधायची युक्ती काही जण करतात, तीही नको. कोणी नकळत ती गाडी सुरू केली तर वरचा माणूस खेचला जाईल, आणि दोरी ढिली असेल तर ती ताणली जाण्याआधीच तो जमिनीवर पोचलेला असेल. मधल्या पॅनेलपर्यंत ब्रश पोचत नसेल तर तेवढ्यासाठी स्कॅफोल्डची फळी फूटभर वर घ्या, कठडाही त्या मानाने वर लावा, आणि दांडा ८ फुटांपर्यंत लांब करा.